नाकापेक्षा टायर जड

रोवणीचे, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावायचे, दिवस आले की माझं डोकं तापतं. या दिवसांत लोकांना हिरवं हिरवं काय काय दिसतं, त्यांना दिसो बापडं. मला टायर दिसतात. चार रुंद, काळे, खोल नक्षीचे टायर. यंदा तर ते खरोखरच दारात येऊन उभे राहिले. माझ्या भाच्याने नवी पिकअप घेतली, चारही चाकांना जोर असलेली, मागे हौदा असलेली. घेतल्याच्या आठवड्यातच तिला नागपूरला नेऊन मोठे टायर चढवून आणले आणि मला दाखवायला घेऊन आला.

"आत्या, पाय ना. कंपनीचे टायर काढून फेकले. आता गाडी गाडीवानी दिसून राहिली का नाई?"

"कंपनीच्या टायरले का झालं होतं?"

"काही झालं नोहोतं. पन लहान दिसत होते."

काही झालं नव्हतं, पण लहान दिसत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांनंतर तेच वाक्य, त्याच घरातून, त्याच कौतुकाच्या सुरात! या पोराला काय बोलणार? त्याचा बापही हेच बोलला होता. भाचा म्हणाला, "चढ ना वं, एक चक्कर मारून आनतो." मी म्हटलं, "तुझी गाडी तुलाच लखलाभ." तो हसत हसत गेला. त्याला वाटलं, आत्याचे गुडघे दुखतात म्हणून ती चढत नाही. दुखतातच. पण मी चढले नाही ते गुडघ्यांमुळे नाही.

आमची गाडी खाणीवरची होती. ऐंशी सालच्या आगेमागे चिखल्याकडच्या एका ठेकेदाराने जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्यांतली ही जीप. पुढे तीन माणसं बसतील एवढी जागा आणि मागे लोखंडी हौदा. रंग कोणे एके काळी हिरवा असावा. मँगनीजची काळी भुकटी तिच्या सांध्यासांध्यांत इतकी मुरली होती की दर पावसाळ्यात ती गाडी काळं पाणी गाळायची. माझी आई म्हणायची, "हे गाडी कितीक धुवा, खानीची याद काही सोडत नाई." आमचं गाव करडीच्या बाजूला. धानाचा मुलूख. आमच्या बांध्या गावापासून लांब, तलावाच्या पलीकडे. बांधी म्हणजे धानासाठी चहूकडून धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. तिथवर जायला पांदण, बैलगाडीची कच्ची वाट, आणि पावसाळ्यात पांदण म्हणजे बैलांची परीक्षा. म्हणून बाबांनी ती गाडी घेतली.

गाडी पोहोचवायला आलेला खाणीचा ड्रायव्हर बाबांना शिकवायला आठवडाभर राहिला. बाबांचा जन्म बैलांमागे गेलेला. गाडी थांबवायची वेळ आली की ते ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी "हो, हो, हो" म्हणायचे, आणि गाडी न ऐकता धुऱ्यावर चढली की तिला शिव्या घालायचे. मी मध्ये बसलेली असायची. शिकले मी. माझी अकरावी होऊन गेलेली, पुढे कोणी शिकवायला पाठवत नव्हतं, लग्नाची बोलणी कुठे जमत नव्हती. मोठा भाऊ चिखल्याला ठेकेदाराकडे कारकून. घरात गाडी होती आणि चालवणारं कोणी नव्हतं. मग चालवणारी मी झाले. बाबांनी एकदा आढेवेढे घेतले, दोनदा घेतले, आणि तिसऱ्यांदा खताची पोती आणायची होती तेव्हा गुपचूप शेजारी येऊन बसले.

मला ती गाडी यायची, हे मी आज कसं सांगू? नुसतं चालवता येणं निराळं. तिचा गिअर टाकताना मनगट कसं वळवायचं, थंडीत ती कितव्या चावीला उठते, उतारावर ती कधी नाक मुरडते, हे मला अंगाने कळायचं. चाकं बारीक होती तिची. अगदी मूळची, कारखान्यातून निघाली तशी. दिसायला सडपातळ, गाडीच्या मानाने किडकिडीतच म्हणा. पण पांदणीत बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ती नेमकी बसायची. वरचा चिखल कापत खाली जायची, खालच्या मुरमाला टेकायची आणि मग हळूहळू, न घसरता पुढे निघायची. बांधीत चालताना आमच्याकडची बाई हेच करते. टाच जाईल तिथवर खाली जाऊ द्यायची, कडक लागलं की मगच दुसरा पाय उचलायचा. चिखलावर तरंगायला गेला तो पडला. बैलगाडीचं चाक बघा. उंच असतं, पण जमिनीला टेकणारा पाट कसा अरुंद! आमच्या बापजाद्यांना हे ठाऊक होतं. चाक करणाऱ्या सुताराला ठाऊक होतं. आणि तरी त्याच बापजाद्यांच्या नातवाला टायर लहान दिसले.

रोवणीत मी बायांना शेतावर नेत असे. पंधरा-वीस जणी, डोक्याला खताच्या पोत्यांच्या खोळी, कमरेला खोचलेली लुगडी, मागे हौद्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. त्यात आमच्या आळीतल्या बाया असत आणि बौद्धांच्या टोलीवरच्याही असत. गावात दोघींची पाणी भरायची जागा वेगळी होती. हौद्यात वेगळं बसायला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी दोघी-तिघींनी नाकं मुरडली, पण गाडीने एक हिसका दिला आणि सगळ्या एकमेकींच्या मांडीवर. मग जे हसणं सुटलं ते तलाव येईपर्यंत. त्यांच्यात राहीमावशी म्हणजे सगळ्यांची पुढारी, टोलीवरची. काटक, काळीसावळी, दात थोडे पुढे. रोवणीची ओळ ती धरायची आणि गाणंही तीच उचलायची. मधल्या सुट्टीत भात, लाखोरीची डाळ आणि अंबाडीची भाजी. ती आपल्या फडक्यातली मिरची माझ्यापुढे करून म्हणायची, "खा डायवरीनबाई, खा. तुह्या हातात आमचे जीव आहेत."

डायवरीनबाई! या शब्दाने मी आजही ताठ होते.

आता राग येतो तो इथून पुढचा. तिसऱ्या वर्षी रोवणी सुरू व्हायच्या तोंडावर माझा भाऊ, वामनदादा, रजेवर आला. खाणीकडे राहून त्याला मोठ्या गाड्यांचं वेड लागलं होतं. आंधळगावच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी त्याला टोमणा मारला होता, तो त्याच्या जिव्हारी लागला होता. "भाऊ कारकून, बहीन डायवर, वा रे घर!" असा काहीसा. त्याने घरी येऊन हे मला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. आणि मग "हे टायर लहान दिसून राहिले" म्हणत भंगारातून टायर आणले. चार. दोन माणसं लागावीत उचलायला असे एकेक. त्यांच्यासाठी वेगळ्या रिंगा. आंधळगावच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. टायर मडगार्डला घासत होते तर मडगार्ड गॅसने कापून टाकले. तरीही वळताना लागत होते तर कमानींखाली ठोकळे घालून गाडी वर उचलली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं झालं. तर यांनी मोती कमी केला नाही, नाक कापलं.

गाडी परत आली तेव्हा सगळं गाव बघायला. पुरुष. ते टायरवर लाथा मारून बघत होते, जणू लाथेने टायरला गुण कळतात. "आता हे गाडी तलावातून जाईन," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "वाघ दिसून राहिला वाघ!" बाबा ओसरीवर उभे राहून मिशीला हात लावत होते. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मी जाऊन दार उघडलं. पायरी पूर्वी माझ्या गुडघ्याशी यायची, ती आता मांडीच्या वर गेली होती. पदर खोचून, दाराची कडी धरून मी कशीबशी वर गेले. चाक हातात घेतलं, वळवायचा प्रयत्न केला. गाडी जागची हलत नव्हती आणि स्टिअरिंगही. मी दोन्ही हातांनी, खांद्याने, सगळ्या अंगाने जोर लावला. रुंद रबर जमिनीला असं चिकटलं होतं की माझ्या मनगटांना कळ आली.

दादा खिडकीशी आला. आवाजात काही कठोर नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. मायेने बोलला. "राहू दे बाई. आता हे तुले नाई झेपनार. मी महिनाभर सुट्टीवर आहोच. मी नेईन."

मला कोणीही 'गाडी चालवू नकोस' म्हटलं नाही. एकदाही नाही. घरात भांडण झालं नाही, कोणी माझ्या हातातून चावी काढून घेतली नाही. फक्त टायर मोठे केले. एखाद्याचं जेवण बंद करायचं असेल तर त्याला उपाशी ठेवायची गरज नसते, शिंकं उंच टांगलं की पुरे. आणि वर म्हणायचं, आम्ही कुठे अडवलं? घे ना हात पुरत असेल तर! हा जो सज्जनपणा आहे ना, याच्याइतकी मला दुसऱ्या कशाची चीड नाही. सरळ नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. टायरशी काय भांडू?

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. हौद्याचा फाळका आता त्यांच्या छातीशी आला होता. पूर्वी एक पाय टायरवर, एक हात फाळक्यावर, की झाली बाई आत. आता ओल्या लुगड्यानिशी, दहा माणसांदेखत, पाय किती वर टाकायचा? एकमेकींना ढकलत, ओढत त्या चढल्या. त्यांच्या हसण्यात त्या दिवशी निराळंच काहीतरी होतं. दादा गॉगल घालून पुढे. मी मागे, त्यांच्यात. कापलेल्या मडगार्डांतून चिखलाचे गोळे उडून आमच्या अंगावर येत होते आणि पुढे बसलेल्याला ते दिसत नव्हते. आणि पांदणीत काय व्हायचं तेच झालं. ते रुंद टायर चाकोरीत मावेनात. तिच्या दोन्ही काठांवर चढून बसले आणि आमची कन्हार माती, ती काळी चिकट माती, लोण्यासारखी त्यांच्याखालून सरकू लागली. गाडी आडवी झाली. पहिल्या गिअरमध्येही ती ओढेना, क्लच जळल्याचा वास सुटला. शेवटी आमचेच बैल आणून वाघाला बाहेर काढावं लागलं. बैल गाडी ओढत असताना बाबा "हो, हो" म्हणत होते. या वेळी ते योग्य प्राण्याला म्हणत होते, एवढंच समाधान.

मी दादाला म्हटलं, "जुने टायर लाव. अजून गोठ्यात पडले आहेत."

"एक डाव फसली म्हनून का झालं? मोठ्या टायरची सवय व्हा लागते."

"कोणाला? गाडीला की मातीला?"

"तुले काय कळते वं त्यातलं," असं तो म्हणाला. मला! ज्या मुलीने दोन पावसाळे त्या पांदणीतून गाडी एकदाही न फसवता नेली, तिला!

चार-पाच दिवसांनी ते घडलं. संध्याकाळी पाऊस लागून होता, बाया परतल्या होत्या, गाडी गावात येऊन थांबली होती. राहीमावशी उतरायला फाळक्यावर आली. पूर्वीच्या सवयीने तिने पाय खाली सोडला. जमीन जिथे असायची तिथे ती नव्हती. वीतभर, दीड वीत फक्त. पण ओलं लुगडं, ओलं लोखंड, दिवसभर वाकून ताठलेली कंबर. ती उजव्या हातावर पडली. मनगटाचा आवाज मी ऐकला. ती हात दुसऱ्या हातात धरून चिखलात बसून राहिली आणि म्हणाली, "गेली माही रोवणी."

पहिलं वाक्य तिचं हे. हात गेला असं नाही म्हणाली.

ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांना मी काय सांगू? वर्षभरात ही बाई कोणाकोणाच्या दारी कामाला जाते, पण रोवणीत लोक तिच्या दारी येतात. राहीची ओळ म्हणजे दोरी लावल्यासारखी, म्हणून तिला आदल्या दिवशी निरोप देऊन ठेवावे लागत. हे तिचे दिवस होते. ते दिवस त्या माणसाने घालवले, ज्याला टायर लहान दिसले होते. आणि तो काय म्हणाला? गाडीतून उतरून, गॉगल कपाळावर सरकवून, दादा म्हणाला, "उतरताना पाहा लागते ना मावशी." बाबा म्हणाले, "देवानं वाचवलं, डोक्यावर नाई पडली." मोहाडीला नेऊन हात बांधून आणला. घरून तांदूळ पाठवले. झालं! पुरुषांच्या हिशेबी गोष्ट संपली. जुने टायर गोठ्यातच राहिले, त्यांच्यात कोंबडी अंडी घालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उभी होती, दादा हॉर्न वाजवत होता आणि बाया आल्याच नाहीत. म्हणजे कामाला आल्या, पण गाडीशी आल्या नाहीत. गावामागच्या वाटेने, धुऱ्याधुऱ्यांवरून, तलावाच्या पाळीवरून पायी गेल्या. दादा म्हणाला, "यायले गाडीची किंमतच नाई." मी आईला सांगून लुगडं खोचलं आणि त्यांच्या मागून निघाले. राहीमावशीची ओळ रिकामी होती, तिथे मी उभी राहिले. मला रोवता येत होतं, पण तिच्यासारखं कुठून येणार? माझी ओळ सापासारखी वाकडी जायची आणि बाया हसत मागून सरळ करत यायच्या. कंबर मोडून गेली. हातांच्या बोटांना चिखलाने भेगा पडल्या. मालकाची मुलगी बांधीत उतरली म्हणून घरी बाबांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्यांचाही राग होता, तेव्हा फिटंफाट झाली.

गाडी रोज रिकामी यायची. दादा ती पांदणीच्या तोंडाशी, कडक जमिनीवर उभी करायचा, बॉनेटला टेकून सिगारेट ओढायचा आणि संध्याकाळी रिकामी परत न्यायचा. एवढा मोठा वाघ, आणि पांदणीत शिरायची छाती नाही.

पुढचंही सांगून टाकते. ते टायर झिजून गुळगुळीत होईस्तोवर त्या गाडीला राहिले. मी ती गाडी पुन्हा कधी चालवली नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासरी गाडी नव्हती. नंतर आयुष्यात गाड्या आल्या, पण त्या चालवणारी माणसंही सोबत आली. लोक मला म्हणतात, जाऊ द्या हो, एवढ्याशा गोष्टीचा किती वर्षं राग! मी नाही जाऊ देत. एवढीशी कशी? माझ्या अख्ख्या जन्मात एकच गोष्ट मला गावात सगळ्यांहून बरी येत होती. ती कोणी चोरलीसुद्धा नाही. नुसती उंच टांगली.

त्या रोवणीचा शेवटचा दिवस मात्र मला रागाच्या भरातही आठवावासा वाटतो. आमच्याकडे रिवाज असा की शेवटच्या बांधीत शेवटची पेंडी रोवून झाली की बाया मालकाला चिखल लावतात. मालक थोडा पळाल्यासारखं करतो, थोडा रागावल्यासारखं करतो, आणि मग धोतर-सदऱ्यासकट माखून निघतो. तो तसाच गावातून घरी जातो. लोक विचारतात, "झाली का रोवणी?" तो म्हणतो, "पाहून राहिला ना!" ज्याला चिखल लागला तो मालक. त्यात मान आहे, माया आहे, आणि बायांचा वर्षातून एकदाचा अधिकार आहे.

त्या दिवशी बाबांना ताप होता, म्हणून मालक म्हणून दादा आला होता. धुऱ्यावर उभा. कशासाठी कोण जाणे, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. रिवाज त्याला ठाऊक होता, तो तयारच होता. त्याच्या चेहऱ्यावर ते खोटं घाबरलेलं हसू आधीच आलं होतं. राहीमावशीही आली होती, हात गळ्यात बांधलेला. पलीकडच्या धुऱ्यावर बसून तिने सगळी रोवणी पाहिली होती.

शेवटची पेंडी संपली. बायांनी ओंजळी भरून चिखल घेतला आणि बांधीतून वर आल्या. दादा दोन पावलं मागे सरला, हसत म्हणाला, "अवं, नको ना, शर्ट नवीन आहे!"

बाया त्याच्या अंगावरून गेल्या. एकही थांबली नाही. कोणी तोंड फिरवलं नाही, कोणी टोचून बोललं नाही. वाटेत झाड उभं असावं तसं त्याला ओलांडून त्या पुढे आल्या. मी पलीकडच्या बांधीत उतरले होते, हात धूत. मला कळेना या माझ्याकडे का येत आहेत. राहीमावशी धुऱ्यावरून उठली. चालत आली. वाकून तिने डाव्या हाताने, चांगल्या हाताने, चिखल उचलला आणि माझ्या दोन्ही गालांना लावला, सावकाश, हळद लावावी तसा. मग बाकीच्या तुटून पडल्या.

"अवं, तिले कायले लावून राहिल्या?" दादा धुऱ्यावरून ओरडला. "मालक इकडं आहे!"

राहीमावशीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आमाले मालूम आहे कोन आहे," ती म्हणाली.

आम्ही पायी निघालो, तलावाच्या पाळीवरून, गात. माझ्या डोळ्यांत, कानांत, केसांत चिखल होता आणि मी रडत होते की हसत होते ते त्यात दिसण्यासारखं नव्हतं. दादा गाडी घेऊन सडकेने एकटाच गेला. त्या उंच गाडीत बसून, सगळ्यांना दिसेल असा, तो भर गावातून घरी पोहोचला. रोवणीच्या शेवटच्या दिवशी, अंगावर एकही शिंतोडा नसलेला मालक त्या गावाने पहिल्यांदाच पाहिला. त्याला कोणी विचारलंच नाही, झाली का रोवणी म्हणून.